चौसाळ्याचे बारा महिने आणि आपला ऊस



सोयाबीन साडेतीन महिन्यांचे पाहुणे. शाळू चार-साडेचार महिन्यांचा. ऊस मात्र घरजावयासारखा. एकदा रानात आला की बारा महिने मुक्काम ठोकून बसतो, आणि आडसाली असला तर सोळा-अठरा महिने हलत नाही. म्हणून इतर पिकांच्या शेतकऱ्याला हंगामापुरते हवामान कळले तरी भागते; ऊसवाल्याला वर्षाचे बाराही महिने कळावे लागतात. कारण ऊस एका महिन्यात वाढतो आणि दुसऱ्याच एखाद्या महिन्यात मार खातो.

आपल्याकडे हवामानाची गोष्ट निघाली की पावसावर सुरू होते आणि पावसावरच संपते. "औंदा पाऊस बरा हाय का?" एवढेच आपण विचारतो. या पाठात आम्ही चौसाळा गाव आणि त्याच्या आसपासचा परिसर डोळ्यांपुढे ठेवून सबंध वर्षाचे हवामान क्रमाने मांडणार आहोत. शेवटी एक हिशेब दिला आहे. वाचून वही-पेन घ्यावे आणि तो हिशेब आपापल्या विहिरीचा करावा, ही विनंती.

आपली जागा

चौसाळा बीड तालुक्यात, सोलापूर-धुळे महामार्गावर आहे. बीडहून निघाले की पालीजवळून मांजरसुंब्याचा घाट चढून आपण बालाघाटच्या पठारावर येतो आणि पुढे चौसाळा लागते. घाटाच्या खाली उत्तरेला बिंदुसरेचे खोरे. चौसाळ्याच्या दक्षिणेला थोड्या अंतरावर मांजरा. ही मांजरा पाटोदा तालुक्यात गवळवाडीजवळ बालाघाटच्याच डोंगरात उगम पावते. म्हणजे आपल्यापाशी ती येते तेव्हा तिने फार मुलूख पाहिलेला नसतो. ती अजून लहानच असते.

ही गोष्ट साधी वाटते, पण तिच्यात आपले अर्धे नशीब आहे. कोल्हापूर-सांगलीचा ऊसवाला ज्या नदीवर मोटार टाकतो ती नदी सह्याद्रीवरचा पाऊस घेऊन येते. त्याच्या शिवारात कमी पडला तरी घाटावर पडलेला त्याच्या दारात येतो. आपल्याला वरून पाणी आणून देणारे कुणी नाही. आपण स्वतःच वरचे आहोत. आपल्या माथ्यावर पडेल तेवढेच आपले, आणि त्यातलेही जे अडवू तेवढेच. बाकीचे मांजरेतून धनेगावच्या धरणाकडे आणि बिंदुसरेतून सिंदफणेकडे जाते. दोन्हीकडचे शेवटी गोदावरीलाच मिळते.

पाऊस किती आणि कसा

बीड जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेसहाशे ते सातशे मिलिमीटरच्या दरम्यान धरला जातो. जुन्या मापात २६-२७ इंच. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो. अंतर फार नाही. समुद्र आपल्यापासून सुमारे तीनशे किलोमीटरवर आणि घाटमाथा दोनशे किलोमीटरच्या आसपास. पण जून ते सप्टेंबर जे वारे समुद्रावरून वाफ घेऊन येतात, ते सह्याद्री चढताना थंड होतात आणि आपले ओझे तिथेच टाकतात. घाट उतरताना तीच हवा पुन्हा तापते आणि ढग विरतात. यालाच पर्जन्यछाया म्हणतात. जुलैत आपल्या डोक्यावरून ढग पळताना दिसतात, वारा सुटतो, पण थेंब पडत नाही. ते ढग फसवे नाहीत, रिकामे झालेले आहेत.

काही सभासद म्हणतात, "आपण समुद्रापासून लांब, म्हणून कोरडे." हे अर्धेच खरे आहे. अमेरिकेच्या मध्यभागी आयोवा नावाचे राज्य आहे. तिथून कुठलाही समुद्र हजार किलोमीटरहून जवळ नाही. तरी तिथे वर्षाला साडेआठशे-नऊशे मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो आणि बहुतेक मका विहिरीच्या पाण्याशिवाय पिकतो. कारण त्यांच्या दक्षिणेला मेक्सिकोच्या आखातापर्यंत वाटेत सह्याद्रीसारखी भिंत नाही. वाफ सरळ आत येते. आणि मुख्य म्हणजे त्यांचा पाऊस बाराही महिन्यांत थोडाथोडा वाटलेला असतो. उन्हाळ्यात, म्हणजे मका वाढतो त्याच वेळी, तो सर्वांत जास्त पडतो.

पण त्यांचे दुखणे दुसरे. उत्तरेकडूनही भिंत नाही, त्यामुळे ध्रुवाकडचे गार वारे थेट येतात आणि जानेवारीत पारा शून्याच्या खाली राहतो. रान गोठते. दोन हिवाळ्यांच्या मधल्या पाच-सहा महिन्यांत जे पिकेल ते त्यांचे. आपल्या उत्तरेला हिमालय आडवा आहे, म्हणून आपली जमीन कधी गोठत नाही आणि ऊस बारा महिने उभा राहू शकतो. थोडक्यात, त्यांच्याकडे पाणी आहे पण ऊब बारमाही नाही. आपल्याकडे ऊब बारमाही आहे पण पाणी नाही. उसाला दोन्ही लागतात. ऊब फुकट मिळते म्हणून आपण ऊस लावतो, आणि पाण्याचा विचार मागाहून करतो.

आपला जवळजवळ सगळा पाऊस जून ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत पडतो. हवामान खाते ज्या दिवशी अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस पडेल त्याला पावसाचा दिवस म्हणते. असे दिवस आपल्याकडे वर्षात सरासरी चाळीस-पंचेचाळीस. म्हणजे तीनशेवीस दिवस कोरडे. त्यातही चार-सहा मोठे पाऊस निम्मी भरती करून जातात. ते चुकले की वर्ष चुकले.

मृगापासून हस्तापर्यंत

जूनच्या ७-८ तारखेला सूर्य मृगात जातो आणि पाऊस आपल्याकडे साधारण त्याच सुमारास, जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो. मृग आणि आर्द्रा पेरणीचे. पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस म्हणजे जुलैचा बहुतेक भाग. हा रिमझिम असतो, रान ओले ठेवतो, पण विहिरीत उतरत नाही. आश्लेषा-मघांत, म्हणजे ऑगस्टात, पाऊस बहुधा उघडीप देतो. दोन आठवडे, कधी तीन. आडसाली लागण केलेल्यांनी ही उघडीप गृहीतच धरावी.

मग पूर्वा, उत्तरा आणि हस्त. आपल्या भागात सप्टेंबरचा पाऊस बहुतेक वर्षी सर्वांत मोठा असतो. हा गडगडाटाचा, पूर्वेकडून चढून येणारा. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होऊन पश्चिमेकडे सरकला की त्याचा लाभ मराठवाड्याला मिळतो. त्या पावसाला सह्याद्रीची आडकाठी नाही. आपल्या विहिरी, पाझर तलाव आणि साठवण तलाव भरतात ते या पावसाने. म्हणून जुलै कोरडा गेला तर घाबरावे, पण हात टेकू नयेत. आणि सप्टेंबर कोरडा गेला तर मात्र त्याच दिवशी उसाचा विचार बदलावा.

पावसाळ्यात दिवसाचा पारा तिशीच्या आसपास राहतो, हवेत ओलावा भरपूर आणि पठारावर पश्चिमेचा जोरदार वारा. उसाची कांडी सर्वांत वेगाने याच काळात सुटते. वाऱ्याने ऊस लोळतो, म्हणून मोठी बांधणी पावसाआधी उरकलेली बरी. पहिला वळवाचा जोरदार पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी बाभूळ-लिंबावर जमतात. झाड हलवून, खाली पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकायचे दिवस ते हेच. जमिनीत अळी झाल्यावर औषधावर खर्च करण्यापेक्षा हे स्वस्त पडते, पण गावाने मिळून केले तरच.

ऑक्टोबर, नोव्हेंबर

मोसमी वारे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परत फिरतात. आकाश निवळते, ऊन चटका देते. वर्षातला हा सर्वांत फसवा काळ आहे. विहीर काठोकाठ, ओढा वाहता, रान हिरवे. डोळ्यांना वाटते, पाणी कधी संपायचेच नाही. याच वेळी पूर्वहंगामी लागण होते आणि याच वेळी आपण एकराऐवजी तीन एकर लावून बसतो.

जुने शेतकरी याच दिवसांत हस्ताच्या ओलीवर काळ्या रानात शाळू पेरत आले. शाळू जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढतो आणि उन्हाळा यायच्या आत निघून जातो. आपल्या डोंगरातले सीताफळही तसेच शहाणे. उन्हाळ्यात पाने टाकून गप्प बसते, पावसाची चाहूल लागली की फुटते. ज्या पिकाने या हवेशी जमवून घेतले ते इथे शतकानुशतके टिकले. उसाला पाने टाकून झोपता येत नाही. त्याला जागे ठेवायचे तर पाणी पाजावे लागते.

दसरा-दिवाळीच्या सुमारास गावोगावच्या वाड्या-तांड्यांवरून कोयते निघतात. पाटोदा, केज, शिरूर आणि आपल्या बीड तालुक्यातून किती संसार बैलगाडीत, ट्रकात बसून पश्चिमेकडे आणि कर्नाटकात जातात, ते आपण पाहतोच. त्याचे मूळ शोधायला लांब जायला नको. ज्याच्या रानात सप्टेंबरनंतर पाणी नाही, त्याला आठ महिने गावात काम नाही. आपल्या उसाला कोयता लागतो आणि कोयत्याला घरी पाणी नसते, ही दोन्ही एकाच हवामानाची लेकरे आहेत.

डिसेंबर ते फेब्रुवारी

हिवाळा कोरडा, निरभ्र आणि सुखाचा. दिवस अकरा तासांचा होतो. रात्रीचा पारा बारा-तेरा अंशांच्या आसपास, आणि उत्तरेची थंडीची लाट आली की दहाच्याही खाली. दिवसा मात्र २८-३० अंश. रात्र गार, दिवस उबदार आणि जमीन वाळत चाललेली, ही साखर भरण्याची हवा. म्हणून गाळपाचा उतारा डिसेंबरपासून चढत जाऊन जानेवारी-फेब्रुवारीत चांगला लागतो.

तीच थंडी नव्या लागणीला मात्र मानवत नाही. २० अंशांच्या खाली डोळे फुगायला वेळ घेतात. कडाक्याच्या थंडीत सुरू लागण करणाऱ्यांना नांग्या जास्त भराव्या लागतात. थंडी ओसरू लागल्यावर केलेली लागण मागून येऊन पुढे जाते.

या काळात बाष्पीभवन कमी असते, ऊस कमी पितो, विहीर हळू उतरते. त्यामुळे फेब्रुवारीअखेर आपल्याला वाटते की पाणी पुरले. पुरलेले नसते, ऊस अजून तहानलेलाच नसतो.

फेब्रुवारी-मार्चात एखादे वर्ष गारपिटीचे निघते. २०१४ साली फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली, तिने ज्वारी, गहू, फळबागा आडव्या केल्या.

मार्च, एप्रिल, मे

आता खरी परीक्षा. मार्चपासून पारा चढतो, एप्रिल-मे महिन्यांत दुपारी चाळीस अंशांच्या आसपास आणि काही दिवस त्याच्याही वर. पठारावर असल्यामुळे रात्र खालच्या गावांपेक्षा थोडी बरी जाते, एवढाच दिलासा. दुपारी हवेतली ओल २०-२५ टक्क्यांवर येते. मेच्या मध्यावर सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो. दुपारी क्षणभर सावली पायाखाली जाते.

या दिवसांत उघड्या भांड्यातले पाणी रोज दहा-बारा मिलिमीटर उडते. पावसाळ्यात तेच चार-पाच. आपल्याकडे वर्षभरात जेवढे पाणी हवा पिऊन टाकू शकते ते वर्षाच्या पावसाच्या दुपटीहून जास्त आहे. म्हणजे इथली हवा कायम उधारीवर आहे. तिची वसुली ती उभ्या पिकाकडून करते, आणि मार्च-मेमध्ये रानात उभे पीक एकच असते, ऊस.

खाली खडकही साथ देत नाही. आपला काळा पाषाण हा लाव्हारसाचा. त्याच्या पोटात वाळूसारखी पोकळी नाही. पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि भेगांत. भांडे उथळ, म्हणून लवकर भरते आणि लवकर रिकामे होते. सप्टेंबरात एका रात्रीत भरलेली विहीर पाहून आपण तिला मोठी समजतो. ती लवकर भरली, यातच ती लहान आहे हे आले.

एप्रिल-मेचा वळीव येतो कधी, पण तो शिवाराच्या एका बांधावर पडतो आणि दुसऱ्यावर नाही. त्याच्यावर हिशेब बांधू नये. विजा मात्र याच पावसात जास्त. कडकडाट सुरू झाला की झाडाखाली थांबू नये, मोटारीच्या पेटीला हात लावू नये.

सगळी वर्षे सारखी नसतात

सरासरी ही कागदावरची गोष्ट. रानात सरासरी कधी पडत नाही. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी खडी फोडली, तलावांची कामे केली, परदेशातून आलेला मिलो आणि सुकडी खाल्ली. ती माणसे सांगतात, तेव्हा धान्य नव्हते, पण आडाला प्यायला पाणी होते. २०१६ च्या उन्हाळ्यात उलटे झाले. दुकानात धान्य होते, पाणी नव्हते. मांजरा धरण कोरडे पडले आणि एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. आपल्या जिल्ह्यात जनावरे छावण्यांत होती. आणि त्याच वर्षीच्या परतीच्या पावसात मांजरा धरण भरले. एकाच वर्षात दोन्ही टोके.

२०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये बीड, धाराशिव, सोलापूर भागात अतिवृष्टी होऊन सीना-मांजरेला पूर आले आणि कित्येकांची जमीन खरवडून गेली. १९७२, २०१५ आणि २०२३ या साली पॅसिफिक महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापलेले होते. त्याला एल निनो म्हणतात. तो आला की आपला पाऊस बुडतोच असे नाही. १९९७ साली तो होता, तरी देशात पाऊस सर्वसाधारण झाला. पण तो असला की सावध राहण्याचे कारण असते. त्याची बातमी उन्हाळ्यातच येऊ लागते. कान उघडे ठेवावेत.

आमची चूक

हे सगळे आम्ही शहाणे म्हणून सांगत नाही. ठेच लागली म्हणून सांगतो. एका वर्षी हस्त दणकून बरसला. विहिरीच्या कडेला बसून हाताने पाणी घेता येत होते. आम्ही चार एकर पूर्वहंगामी लावून टाकला. शेजारचे तात्या बांधावर आले. म्हणाले, "किती लावलाव?"

"चार, तात्या. पाणी बघा की केवढं हाय."

"पानी दिसतंय रं बाळा. पर हिरीकडं बघू नगंस. महिने मोज." आणि त्यांनी बोटांवर मोजून दाखवले. दिवाळीपासून मृगापर्यंत सात बोटे, आणि वर अर्धे.

आम्ही हसलो. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मोटार वीस मिनिटांत हवा ओढू लागली. चारही एकरांना थोडे थोडे पाणी देत राहिलो आणि चारही एकर करपवले. शेवटी मे महिन्यात अडीच एकर जनावरांना वैरण म्हणून काढून दिला. उरलेल्या दीड एकराचे जे टनेज मिळाले त्यात बेणे, खत, नांगरट काही फिटले नाही. सोसायटीचे कर्ज मात्र चार एकराचे होते. पहिल्यापासून दीडच एकर लावला असता तर पाणी पुरले असते. तात्या आज नाहीत. त्यांची बोटे आठवतात.

हिशेब

एक मिलिमीटर पाणी एका एकरावर म्हणजे सुमारे ४,००० लिटर. सुरू उसाला पाटपाण्याने सर्वसाधारण २,५०० मिलिमीटर लागते असे धरतात. म्हणजे एकरी एक कोटी लिटर. बारा हजार लिटरचे टँकर मोजले तर आठशेहून जास्त. पूर्वहंगामीला याहून अधिक आणि आडसालीला सर्वांत अधिक. आपला सगळा पाऊस, एक थेंबही न वाहता, रानात राहिला तरी एकरी २६-२७ लाख लिटरच होतो. उरलेले सगळे विहिरीतून यायचे आहे.

ठिबकने यातले चाळीस-पन्नास टक्के वाचते. पण वर्षाचा आकडा बाजूला ठेवा. साखळीची ताकद तिच्या कच्च्या कडीएवढी, आणि आपली कच्ची कडी मे महिना आहे. पूर्ण वाढलेल्या उसाला मेमध्ये दिवसाला साधारण आठ मिलिमीटर लागते. एकरी ३२,००० लिटर. गळती-तुटीसह ३५,००० धरा.

आता आपली विहीर मोजा. दोनशे लिटरचा बॅरल मोटारीच्या तोंडाशी लावा आणि घड्याळ बघा. समजा ४० सेकंदांत भरला. म्हणजे सेकंदाला ५ लिटर, तासाला १८,०००. मे महिन्यात तुमची विहीर दिवसाकाठी दोन तास चालते असे मागच्या तीन वर्षांत दिसले असेल, तर रोजचे पाणी ३६,००० लिटर. म्हणजे ठिबकवर पूर्ण वाढलेला ऊस एक एकर. दोन नाही, दीड नाही. ऑक्टोबरात ती विहीर दिवसभर चालत असली, तरी एकच. मे महिन्यातला दोन तासांचा आकडा ठाऊक नसेल, तर येत्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा लिहून ठेवा. तोपर्यंत अंदाज धरताना मन आवरून धरा.

काय करावे

१. उसाचे क्षेत्र सप्टेंबरअखेरच्या साठ्यावर ठरवावे, पण मापाला मे महिना लावावा. सप्टेंबर कोरडा गेला तर नवी लागण थांबवून शाळू-हरभऱ्याकडे वळावे. त्यात कमीपणा नाही.

२. ज्याचे उन्हाळी पाणी बेताचे, त्याने आडसालीच्या नादी लागू नये. आडसाली आणि पूर्वहंगामी ऊस मे महिन्यात भर वाढीत असतो; सुरू त्या वेळी लहान असतो आणि कमी पितो.

३. पाचट पेटवू नये. एक आड एक सरीत किंवा सगळ्या सऱ्यांत पसरावे. उघडी जमीन आणि झाकलेली जमीन यांत उन्हाळ्यात दोन पाळ्यांचा फरक दिसतो, हे खोडवा राखणाऱ्यांनी अनुभवले आहे.

४. पाण्याचा ताण पडलाच तर खालची वाळलेली पाने काढून सरीत टाकावीत आणि शंभर लिटर पाण्यात दोन किलो म्युरेट ऑफ पोटॅश व दोन किलो युरिया मिसळून फवारावे. ऊस तग धरतो. पण पाण्याची जागा फवारणी घेत नाही.

५. सगळ्या रानाला अर्धे पाणी देण्यापेक्षा अर्ध्या रानाला पुरते पाणी द्यावे. कुठला तुकडा सोडायचा हे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ठरवावे. मेमध्ये ठरवले तर दोन्ही जातात.

६. शिवारात एक सरळ काठाचा डबा उघड्यावर ठेवावा. पावसानंतर सकाळी त्यातले पाणी पट्टीने मोजून वहीत तारीख घालून लिहावे. दहा मिलिमीटर म्हणजे एक सेंटिमीटर, सोपे आहे. मंडळाच्या पर्जन्यमापकात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला तर अतिवृष्टी धरतात. सरकारी कागदावर त्याच मापकाची नोंद चालते हे खरे, पण ते सगळ्या मंडळाचे एकच. तुमच्या बांधावर काय पडले हे तुमच्याच वहीत राहील आणि पुढच्या वर्षीची लागण ठरवताना तीच उपयोगी पडेल.

स्वतःला विचारायचे प्रश्न

माझी विहीर मागच्या मे महिन्यात रोज किती वेळ चालली? माझ्या उसाचे त्या महिन्यातले वय काय असेल? सप्टेंबरचा पाऊस माझ्या शिवारात किती झाला? ताण पडला तर कुठला तुकडा सोडीन? आणि मी कर्ज किती एकरांचे काढले आहे, नि पाणी किती एकरांचे आहे?

शेवटच्या प्रश्नाची दोन उत्तरे जुळली तर आपला ऊस मृग पाहील. नोंदीच्या वेळी गट कार्यालयात क्षेत्र सांगायला याल तेव्हा ही वही बरोबर आणावी. चिटबॉयने विचारण्याआधी तिने सांगितलेला आकडा द्यावा.

जय सहकार.